असतो आपला इथं

आमच्या दिवुलवेव गावात कुत्र्याला कोणी 'माझा' म्हणत नसे. म्हशीचे वेगळे, तिच्या अंगावर घराण्याचा डाग असे आणि तिच्यावरून सख्ख्या भावांत डोकी फुटत. कुत्रा मात्र आपल्या कर्माने आलेला आणि आपल्या वाट्याचे खाऊन जाणारा जीव. तो एखाद्याच्या पडवीत बारा वर्षे निजला, त्या घरच्या मुलांबरोबर वाढला, तरी 'कुणाचा कुत्रा?' असे विचारल्यावर घरधनी हात झटकून म्हणे, "आमचा नव्हे. असतो आपला इथं." यात तुसडेपणा नव्हता. जीव आपला म्हटला की त्याचे जगणे-मरणे आपल्या माथी आले, आणि एवढे ओझे तोंडाने मागून घेऊ नये, अशी रीत होती. मी त्याच रीतीत वाढले. परंतु त्या तीन शब्दांनी आमच्या गावातले सदतीस जीव गेले, आणि ते शब्द वहीत उतरवणारा हात माझ्या यजमानांचा होता.

माझे यजमान गावचे आरच्चि होते. सरकारचा हुकूम गावाला ऐकवावा आणि गावाचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी घालावे, हे आरच्चिचे काम. ज्या वर्षी डाकवाला कुत्रा चावून, पाण्याच्या थेंबाला भिऊन, ओरडत ओरडत मेला, त्या वर्षी शहरातल्या कचेरीतून गोऱ्या साहेबाच्या सहीचा हुकूम आला: प्रत्येक कुत्र्याची नोंद करावी, ज्याला मालक आहे त्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधावा, ज्याला मालक नाही त्याला गोळी घालावी. सोबत एक लांबट वही होती आणि तिच्यात दोनच रकाने होते, मालकाचे आणि बेवारशी.

आरच्चि दारोदार फिरून दुपारी जेवायला आले. भाताचा घास कालवून ते तसेच बसून राहिले.

"मेनिके," ते मला म्हणाले, "सगळे 'आमचा नव्हे' म्हणतात."

"मग तसं लिहा."

"अगं, उक्कुअम्माच्या मांडीवर डोकं ठेवून निजलाय कुत्रा, त्याच्या कानातल्या गोचिड्या काढतेय ती, आणि मला सांगते, आमचा नव्हे, असतो आपला इथं!"

"तिला म्हणावं, खरं बोल."

"खरंच बोलतेय ती. ही वहीच आपल्या बोलण्याची नाही." त्यांनी घास पुन्हा पानात ठेवला. "सगळे माझ्या नावावर लिहिले तर? मालक, मुतुबंडा आरच्चि. सदतीसच्या सदतीस."

मला हसू आले. मी तेव्हा तिशीची होते, आरच्चिची बायको होते, आणि ही दोन्ही विशेषणे मला दागिन्यांसारखी वाटत.

"लिहा की," मी म्हटले. "आजवर गावाचे आरच्चि होता, उद्यापासून कुत्र्यांचे व्हाल. कचेरीत बसायला खुर्ची देतील, वर गोणपाट घालून. लोक सांगतात ते लिहिणं तुमचं काम. लोकांच्या मनातलं लिहायला तुम्हाला कुणी नेमलेलं नाही."

तेही हसले. हात धुऊन त्यांनी वही उघडली आणि दुसरा रकाना भरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा बंदूकवाला आला. साल्दीन त्याचे नाव. मलाया पलटणीतून निवृत्त झालेला, मितभाषी, स्वच्छ कपड्यांचा माणूस. प्रत्येक गोळीनंतर आरच्चिने वहीत खूण करायची होती, म्हणून ते त्याच्याबरोबर घरोघर चालले. उक्कुअम्मा कुत्र्याला छातीशी धरून आमच्या दारात आली.

"हामिने, बाईसाहेब, आमचा आहे हो हा! चुकले मी, आमचाच आहे! सांगा ना आरच्चिंना!"

आरच्चिंनी माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मी 'राहू द्या' म्हटले असते तर त्यांनी खाडाखोड केली असती. पण सरकारी वहीत खाडाखोड म्हणजे आरच्चिची फजिती, असे मला वाटले.

"परवा विचारलं होतं, उक्कुअम्मा," मी म्हटले. "आता उशीर झाला."

त्यानंतर गावात कुत्रा राहिला नाही. जे गाव रात्रंदिवस भुंकण्याने भरलेले असे ते इतके शांत झाले की तलावावरून कोणी हाक मारली तर ती तीन वेळा ऐकू येई. आरच्चि जेवायला बसण्याआधी भाताची मूठ अंगणात ठेवू लागले. ती कावळे खात. वर्ष सरता सरता त्यांना ताप भरला. वैद्यांनी काढे दिले, विहारातून भिक्खू येऊन रात्रभर सूत्रे म्हणून गेले, पण ताप उतरला नाही. शेवटच्या दोन दिवसांत ते दाराकडे बघून एकच शब्द पुटपुटत, "कुणाचा... कुणाचा..." माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना नेंदम्मा म्हणत असू, उशाशी बसून होत्या. त्यांची दृष्टी गेलेली होती. त्या दर वेळी उत्तर देत, "माझा रे, लोकु पुता. माझा." लोकु पुता म्हणजे थोरला लेक. लहानपणापासून सासूबाईंच्या तोंडी यजमानांना तेच नाव होते.

आरच्चि गेल्यावर सहाव्या दिवशी सायंकाळी आम्ही रीतीप्रमाणे गेलेल्या माणसासाठी पानाच्या द्रोणात भात, मासळी, गूळ आणि विडा घालून द्रोण अंगणाच्या कडेला ठेवला. तो काळोखात जाऊन काढायचा नसतो, म्हणून सकाळी पाहिला. द्रोण चाटून पुसून स्वच्छ होता आणि शेजारी एक तांबूस कुत्रा बसला होता. ज्या गावात वर्षभर कुत्र्याचे नख दिसले नव्हते तिथे तो कोठून आला, हे कोणाला सांगता आले नाही. मी काठी उगारली. तो उठला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो सावकाश घरात शिरून, ज्या कोपऱ्यात आरच्चिंची खाट होती त्या कोपऱ्यात जाऊन पडला.

नेंदम्मांनी चाचपडत त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

"आलास?" त्या म्हणाल्या. एवढेच.

मी हे मानले नाही. माझे यजमान सदाचारी होते, पंचशील पाळणारे होते. त्यांना कुत्र्याचा जन्म मिळाला असे म्हणणे म्हणजे त्यांनी पाप केले असे म्हणणे. आणि ते पाप कोणते, हे गावात सर्वांना ठाऊक होते. शिवाय ते त्यांना कोणी करायला लावले, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्या कुत्र्याला घरात राहू दिले, परंतु त्याला नाव दिले नाही आणि त्याच्याकडे बघून कधी बोलले नाही.

मात्र डोळे मिटणे माझ्या हाती नव्हते. रोज दुपारी ऊन कलले की तो उठे आणि गावाच्या फेरीला निघे. प्रथम कुंभाराचे घर, मग वैद्यांचे, मग चिंचेखालच्या दोन झोपड्या, मग उक्कुअम्माचे. आरच्चि वही घेऊन याच क्रमाने गेले होते. प्रत्येक उंबऱ्यासमोर तो उभा राही, आत पाही, काही ऐकण्याची वाट पाहावी तसा थांबे आणि पुढे जाई. कोणी टाकलेला तुकडा तो खात नसे. सदतीस कुत्री जिथे जिथे होती, त्यांपैकी एकही घर त्याने चुकवले नाही.

पहिल्यांदा लोक हसले. उक्कुअम्माची जीभ मोठी तिखट. ती कुंपणावरून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "उठा गं बायांनो, पाय जवळ घ्या! आरच्चि फेरीला आलेत!" पुढे पुढे हसू थांबले. तो दारात आला की ओसरीवर बसलेली माणसे खरोखरच उठून उभी राहू लागली. म्हातारा कुंभार तर एक दिवस हात जोडून त्याला म्हणाला, "चुकलं आमचं. तेव्हा नीट सांगायला हवं होतं." कुत्रा तेथे इतर घरांपेक्षा अधिक वेळ थांबला, असे लोक सांगत.

दीड वर्ष असे गेले. गावात दुसरी कुत्रीही हळूहळू आली; कोणी माहेरून पिलू आणले, एखादे बाजारातून माणसांच्या मागोमाग आले. आणि मग पिसाळलेल्या कोल्ह्याने रानाच्या कडेला दोन म्हशींचा चावा घेतला आणि कचेरीतून तीच वही पुन्हा आली.

आता आरच्चिपद माझ्या धाकट्या दिराकडे, पुंचिबंडाकडे होते. भला माणूस, सरकारी कोट चढवला तरी माझ्यासमोर उभा राहिला की अजून आंबे चोरताना सापडल्यासारखा दिसे. त्याने पहिले घर आमचे धरले. त्याच्या मागे अर्धे गाव आले होते, कारण या घरी काय उत्तर मिळते हे सर्वांनाच ऐकायचे होते.

"अक्का," तो वहीत तोंड घालून म्हणाला, "रागावू नका. विचारावंच लागतं. हा कुत्रा..."

"मान वर करून विचार. आरच्चि आहेस ना?"

"हा कुत्रा कुणाचा?"

कुत्रा खांबाशी उभा होता. तो पुंचिबंडाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. कुंपणापाशी कोणीतरी खोकले आणि त्या खोकल्यालाही कोणीतरी दटावले.

'आमचा' म्हटले की गावाचे म्हणणे मी मान्य केले असे होणार होते: माझे यजमान कुत्र्याच्या जन्माला आले, आणि का आले तेही. 'आमचा नव्हे' म्हटले की उद्या सकाळी साल्दीन येणार होता. आणि जर ते खरेच असले, तर मी एकाच माणसाला त्याच वहीत दुसऱ्यांदा बुडवणार होते.

आतून नेंदम्मांचा आवाज आला. "मेनिके, गप्प का? जीभ गिळलीस?"

"विचार करतेय, नेंदम्मा."

"गेल्या वेळी केला नव्हतास."

त्या घरात इतकी वर्षे कोणी मला असे बोलले नव्हते. त्यांना ती दुपार ऐकू गेली होती तर. आंधळा माणूस भिंतीआड आहे असे समजूनच आपण त्याच्यासमोर बोलतो.

"लिही," मी पुंचिबंडाला म्हटले. "माझा."

"म्हणजे... घरचा?"

"बहिरा आहेस का? माझा. मालक, बिसोमेनिके. आणि मोठ्या अक्षरांत लिही, कचेरीतल्या साहेबाला चष्मा नसेल."

पुंचिबंडाने लिहिले आणि कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला बांधला. मी मान वळवून कुंपणापलीकडे पाहिले. "तुम्ही काय तमाशा बघताय? घरोघर जाऊन उभे राहा. पुंचिबंडा येईल तेव्हा नीट सांगा. या खेपेला 'असतो आपला इथं' म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे."

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराने आपला कुत्रा आपला म्हटला. उक्कुअम्माला तर कुत्रा नव्हता, तिने वाटेवरचे एक लंगडे पिलू उचलून आपल्या नावावर लावले. आणि त्या दिवसापासून दुपारची फेरी थांबली. लोक म्हणाले, बांधून ठेवावे लागते ना आता, म्हणून. हुकूमच होता, बिल्ला असलेले कुत्रेही दोरीने बांधलेले असावे. परंतु त्याने दोरीला एकदाही ओढ दिली नाही. मी आता त्याच्याकडे बघून बोलू लागले होते. फार नाही. "ऊन आलं, सरक," किंवा "ताटलीत काय राहिलंय ते संपव." एक दिवस बोलता बोलता मी त्याला 'तुम्ही' म्हणाले. आत नेंदम्मा विडा कुटत होत्या, त्यांचा खलबत्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तो महिना सुखाचा होता, हे मी लपवणार नाही.

मग एका संध्याकाळी पिसाळलेला कोल्हा भर अंगणातून चालत आला. मोकळा कुत्रा पळाला असता. आमचा खांबाला बांधलेला होता. मी मुसळ घेऊन धावले तोवर कोल्हा निघून गेला होता आणि कुत्रा शांत उभा होता. मी दिव्याजवळ नेऊन त्याचे सर्वांग पाहिले, मला जखम दिसली नाही. ती नेंदम्मांच्या बोटांना सापडली. कानामागे, तांदळाच्या दाण्याएवढी.

हुकूम सर्वांना पाठ होता. चावा बसलेला कुत्रा, बिल्ला असो वा नसो, मालकाने स्वतः कळवून स्वाधीन करायचा.

"कळवणार आहेस?" नेंदम्मांनी विचारले.

"नाही."

"वैद्यांना?"

"वैद्यांना सांगते. पुंचिबंडाला नाही."

जिने साऱ्या गावाला खरे बोलायला लावले तिने असे केले. वैद्यांनी धोतऱ्याचा पाला वाटून लावला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मी दिवस मोजले नाहीत. मोजले तर काही होईल असे वाटे. पंधरा गेले असतील, वीस गेले असतील. मग एका सकाळी त्याचा आवाज बदलला. तो भुंकला आणि ते भुंकणे मध्येच चिरले, जसा ताप चढलेल्या माणसाचा शब्द चिरतो. खाणे सुटले. डोळे लाल झाले. मी पाण्याचे मडके समोर ठेवले. तो तहानेने त्यावर वाकला आणि पाण्यात स्वतःचे तोंड दिसताच त्याचा गळा आवळला गेला, सारे शरीर मागे फेकले गेले. पुन्हा आला. पुन्हा वाकला. पुन्हा तेच.

"मेनिके, पाणी दे त्याला," नेंदम्मा आतून म्हणाल्या. "घसा वाजतोय."

"दिलंय, नेंदम्मा."

"मग पीत का नाही?"

त्या चाचपडत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "लोकु पुता, ये, माझ्या ओंजळीतून पी." तो दोरी ताणून त्या हाताकडे निघाला. त्याच्या तोंडातून फेस ओघळत होता. त्याला चावायचे होते की पाणी प्यायचे होते, हे मला सांगता येत नाही. मी नेंदम्मांना कमरेला धरून आत ओढले, त्या वयाच्या बाईला ओढावे तसे नव्हे, आणि दाराला अडसर घातला. मग मागच्या दाराने जाऊन पुंचिबंडाला बोलावून आणले.

साल्दीन शेजारच्या गावातच होता. दुपारपर्यंत आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. कुत्र्याकडे पाहून त्याने मान हलवली, बंदूक उतरवली, पण उभाच राहिला.

"चालवा ना," पुंचिबंडा म्हणाला.

"गेल्या वेळी बेवारशी होते, आरच्चि. सरकारचा हुकूम पुरे होता. याला मालक आहे. मालकाने तोंडाने सांगायला हवं."

"अहो, एक कुत्रा तो..."

"नियम आहे," साल्दीन म्हणाला. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "आणि बाई, खरं सांगू? नियम नसता तरी मी विचारलं असतं. त्या सदतिसांचं मला कुणीच काही सांगितलं नव्हतं."

आमच्या बोलीत कोणी जीव घेण्याचा शब्द थेट उच्चारत नाही. 'बघा काय ते', 'सोडवा त्याला', 'जाऊ दे', असे म्हणतात आणि तोंड फिरवतात. पुंचिबंडाने तेच सुचवले. "अक्का, नुसतं 'बघा' म्हणा. मी लिहितो, सरकारी हुकमानं. तुमचं नावसुद्धा यायला नको."

मी खांबापाशी गेले, दोरीच्या टप्प्याबाहेर उभी राहिले. तो पडला होता. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत माझे यजमान होते का, हे मला आजपर्यंत पुष्कळांनी विचारले आहे. तेथे तहान होती. त्याखेरीज मला काही दिसले नाही.

"मारा," मी म्हटले.

नेंदम्मा दाराआड उभ्या होत्या. हा शब्द त्यांनी ऐकावा, इतक्या स्पष्ट आवाजात मी तो म्हटला. साल्दीनने एकच गोळी घातली.

पुंचिबंडाने वही उघडली. "शेरा काय लिहू, अक्का?"

"मालकिणीच्या आज्ञेवरून. आणि चावा लपवला होता, तेही लिही."

"दंड होईल."

"होऊ दे. वही खरी असू दे."

आम्ही त्याला तलावाच्या बांधावर पुरले. उक्कुअम्मा न बोलावता आली आणि माती लोटू लागली. तिच्या हाताला माती कमी पडली तेव्हा मी माझ्या बाजूची तिच्याकडे सरकवली.

नेंदम्मा तीन दिवस जेवल्या नाहीत आणि माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ताट ठेवी, मी ताट उचली. मडके अंगणात तसेच भरलेले होते. ते उचलायला कोणी धजले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी घर उन्हाने निःशब्द झाले होते. मी सुपात तांदूळ निवडत होते. अंगणातून आवाज आला. चपचप, चपचप, थांबून, श्वास घेऊन, पुन्हा चपचप. फार दिवसांचा तहानलेला जीव घाईने पाणी पितो तसा. गावातली कुत्री सारी बांधलेली होती.

मी घरातल्या प्रत्येक आवाजाला उठून बघणारी बाई आहे. त्या दिवशी उठले नाही.

आतून नेंदम्मांचा आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"मेनिके, प्यायला का गं?"

मी सूप खाली ठेवले आणि ऐकत राहिले. "पितोय, नेंदम्मा."

"ठसका लागेल. घाई करू नको म्हणावं."

"घाई करू नका," मी अंगणाकडे तोंड करून म्हटले.